बोटीवरचा स्टेप-डाउन बोर्ड सारखा बंद पडतो? चिप बदलण्याआधी हे तपासा

जून लागला की माझ्या टेबलावर बोर्डांचा ढीग साठतो. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मालीम, कुटबण, चापोरा इथे ट्रॉलर जेटीला लागतात आणि वर्षभर ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणून ओढलेली सगळी दुखणी या दोन महिन्यांत बाहेर निघतात. त्यात सर्वांत जास्त येतो तो एकच बोर्ड: बॅटरीच्या १२ किंवा २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट काढणारा छोटा निळा स्टेप-डाउन मॉड्यूल. ट्रॅकर, कॅमेरा, राउटर, मोबाईल चार्जिंग, सगळं त्याच्यावर. डिचोलीकडचे टिपरवालेही हाच बोर्ड घेऊन येतात, पण बोटीवर त्याचे हाल जास्त होतात.

बहुतेक जण बोर्ड मेला की नवा लावतात. तो मेला की आणखी एक. मॉड्यूल स्वस्त आहे, त्यामुळे असं वागणं मला समजतं. पण माझ्याकडे आलेल्या बोर्डांमध्ये चिप आपणहून मेलेली फारच कमी वेळा सापडते. तिला मारणारं कारण बाहेर असतं, वायरीत, प्रीसेटमध्ये (आउटपुट व्होल्टेज ठरवणारा स्क्रूचा रेझिस्टर), कॅपॅसिटरमध्ये, डब्यात. ते कारण सापडेपर्यंत तिसरा बोर्डही जाणारच. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे देतोय. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, मग हात आणि यंत्रं लागणारं.

बोलतोय ते मुख्यतः एलएम२५९६ या चिपबद्दल, कारण बाजारातल्या मॉड्यूलवर तीच असते. स्वतःचा बोर्ड डिझाइन करत असाल तरी हाच क्रम लागू पडतो.

लक्षणे

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा, म्हणजे अर्ध्या तपासण्या वाचतील.

लोड, म्हणजे आउटपुटला जोडलेलं उपकरण, नसताना ५ व्होल्ट बरोबर, लोड लावला की ४.३ किंवा त्याखाली. उपकरण दिवसा चालतं आणि रात्री दिवे, सर्चलाइट लागले की रीसेट होत राहतं. पंधरा-वीस मिनिटं व्यवस्थित चालून बंद पडतं, थंड झालं की आपोआप सुरू होतं. बोर्डातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. पावसाळी हवेत बिघडतं, दोन दिवस ऊन पडलं की चालतं. जोडल्या जोडल्या फ्यूज उडतो. आणि सर्वांत वाईट, आउटपुटला ५ च्या जागी थेट बॅटरीचं व्होल्टेज येतं आणि पुढचं उपकरण जळतं.

हे शेवटचं एकदा जरी दिसलं असेल, तरी त्या बोर्डाला पुन्हा उपकरण जोडू नका. खाली प्रीसेटचा भाग आहे, तो वाचा.

पहिली तपासणी: बोर्डाच्या पायांवर, लोड चालू असताना व्होल्टेज मोजा

बॅटरीच्या टर्मिनलवर मोजून काही कळत नाही. मल्टिमीटरच्या प्रोब बोर्डाच्या इनपुट पॅडवरच टेकवा आणि उपकरण पूर्ण जोमात चालू ठेवा. जमलं तर इंजिन सुरू करायला लावा आणि मीटर ‘मिन-मॅक्स’वर ठेवा, कारण क्षणभराची घसरण डोळ्याला दिसत नाही.

ही तपासणी मी सर्वांत आधी का करतो, ते नीट सांगतो. साधा बल्ब किंवा रेझिस्टर असेल तर व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो. स्विचिंग रेग्युलेटर, म्हणजे आपला हा बोर्ड, नेमका उलटा वागतो. त्याला बाहेर ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १० वॅट द्यायचेच असतात. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर तो आत १२.५ वॅट ओढणार. १२ व्होल्टला म्हणजे साधारण १ अँपिअर. इनपुट ८ व्होल्टवर आलं की दीड अँपिअरहून जास्त. करंट वाढला की वायरीत पडणारं व्होल्टेज वाढतं, इनपुट आणखी घसरतं, करंट आणखी वाढतो.

हिशेब करून बघा. १२ व्होल्टची बॅटरी, १२.५ वॅटचा ओढा. वाटेतला एकूण रोध २.६ ओहम झाला, तर बोर्डापाशी जेमतेम ७.९ व्होल्ट उरतात. २.९ ओहमच्या पुढे गेला, तर बोर्डाला स्थिर उभं राहायला जागाच उरत नाही. तो कोसळतो, लोड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, तो सुरू होतो, पुन्हा कोसळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चिप वेडी झाली. आणि २.९ ओहम म्हणजे फार नाहीत. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर आठ मीटर नेऊन आठ मीटर परत आणली की अर्ध्या ओहमहून जास्त तिथेच गेले. उरलेले दोन ओहम एक हिरवा पडलेला फ्यूज होल्डर आरामात देतो. ५ व्होल्टच्या आउटपुटसाठी या चिपला इनपुटला किमान ७ व्होल्ट हवेत, त्याखाली ती काही हमी देत नाही.

२४ व्होल्टवर हीच मर्यादा साधारण ११.५ ओहमपर्यंत जाते. म्हणून तोच बोर्ड मोठ्या ट्रॉलरवर टिकतो आणि १२ व्होल्टच्या छोट्या होडीवर रडतो.

चापोऱ्याच्या एका तांडेलाने दोन वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं होतं. “दिसाचें बरें चलता, रातीं बंद पडटा.” रात्री दिवे लागले की बॅटरी एक व्होल्ट खाली यायची, आणि काठावर चालणारा बोर्ड पलीकडे पडायचा. त्याने तोपर्यंत तीन मॉड्यूल बदलले होते. बिघाड होता फ्यूज होल्डरमध्ये.

तो शोधायची सोपी रीत अशी. लोड चालू असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही प्रोब फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना लावा. चांगल्या होल्डरवर ०.१ व्होल्टच्या आत दिसायला हवं. त्या होडीवर १.७ दिसले. होल्डर उघडला तर स्प्रिंगवर शेवाळासारखी हिरवी भुकटी होती आणि तांब्याची तार बोटाने ओढली तशी लगमधून (वायरीच्या टोकाची धातूची पकड) सुटून हातात आली. असंच एकेक जोड पकडून मोजत जा: बॅटरीचा लग, स्विच, होल्डर, मग परतीची वायर. परतीच्या वायरीकडे कोणी लक्ष देत नाही, निम्मे दोष तिथेच असतात.

वायर बदलताना दीड चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळाली तर तीच घ्या. उघडं तांबं खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडत जातं आणि वरून वायर नवी दिसते.

दुसरी: डोळे, नाक, आणि थोडं पाणी

बोर्ड डब्यातून काढून उजेडात धरा. कॅपॅसिटरचं डोकं फुगलंय का, चिपच्या पायांमध्ये पांढरी किंवा हिरवी पूड आहे का, जळकट वास येतोय का, कॉइलखाली काळा डाग आहे का. याला पैसे लागत नाहीत.

मीठ दिसलं तर बहुतेक जण आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि टूथब्रश घेतात. चूक तिथेच होते. मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. ब्रशने ते नुसतं पसरतं, बोर्ड चकचकीत दिसतो, आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा तेच. आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवा, बॅटरीत घालायला मिळतं ते. बॅटरीची जोडणी अर्थातच काढलेली हवी. ब्रशने हलकेच घासा, दोनदा पाणी बदला. मग अल्कोहोल, ते पाणी ओढून घेतं. मग वाळवणं. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॅटचा जुना बल्ब लावून रात्रभर ठेवतो. पावसाळ्यात आपल्याकडे नुसतं उघड्यावर ठेवून काही वाळत नाही, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

पाणी-मीठ इतकं का नडतं? चिपचा फीडबॅक पाय फार नाजूक गोष्ट आहे. चिप आतला स्विच सेकंदाला दीड लाख वेळा उघडते-मिटते, आणि तो किती वेळ मिटलेला ठेवायचा हे त्या एका पायावर दिसणाऱ्या १.२३ व्होल्टवरून ठरवते. पायाशेजारी ओलसर मिठाचा थर बसला की तिथून थोडा करंट पाझरतो आणि चिपला खोटी बातमी मिळते. आउटपुट वर-खाली हलायला लागतं. ‘पावसात बिघडतं, उन्हात चालतं’ या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. चालू-बंद करणारा पाचवा पायही तसाच. डेटाशीट म्हणते मोकळा सोडला तरी चालेल, पण समुद्रावर जाणाऱ्या बोर्डावर मी तो कायम ग्राउंडला जोडतो.

तिसरी: प्रीसेट

यावर मला जास्त बोलायचंय, कारण यानेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

मॉड्यूलवरचा तो पितळी स्क्रूचा निळा प्रीसेट आउटपुट आणि फीडबॅक पाय यांच्यामध्ये बसलेला असतो. फीडबॅकपासून ग्राउंडला एक छोटा रेझिस्टर असतो. आता प्रीसेटच्या आतला सरकता स्पर्श गंजला आणि सुटला, तर काय होईल? फीडबॅक पाय त्या छोट्या रेझिस्टरमधून शून्यावर जातो. चिपला वाटतं आउटपुटला काहीच नाही. ती स्विच पूर्ण मिटलेला ठेवते. बॅटरीचे २४ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या उपकरणात.

तीन वर्षांपूर्वी पेडण्याच्या बाजूच्या एका बोटीवर असाच ट्रॅकर आणि कॅमेरा एका क्षणात गेला. तो बोर्ड मीच बसवला होता, प्रीसेट फिरवून, ५.०२ व्होल्ट मोजून, वर वॉर्निशचा थेंब लावून. प्रीसेट मी नंतर कापून उघडला. आतल्या पट्टीवर स्पर्श फिरतो तिथे गव्हाच्या दाण्याच्या टोकाएवढा हिरवा ठिपका होता. बस, तेवढाच. दोन्ही वस्तू मी भरून दिल्या, आणि त्या दिवसापासून प्रीसेट असलेला बोर्ड मी कुठल्याही बोटीवर बसवत नाही.

उपाय स्वस्त आहे. मॉड्यूलवरचा छोटा रेझिस्टर बघा. त्यावर ‘३३१’ लिहिलेलं असेल तर तो ३३० ओहमचा. प्रीसेट काढून त्याच्या जागी एक टक्केवाला १ किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. सूत्र असं: १.२३ गुणिले (१ अधिक वरचा रेझिस्टर भागिले खालचा). म्हणजे १.२३ × (१ + १०००/३३०) = ४.९६ व्होल्ट. ५ व्होल्टच्या कामाला हे अगदी योग्य. खालचा रेझिस्टर वेगळा असेल तर सूत्रात घालून वरचा काढा. लावून झाल्यावर उपकरण न जोडता आधी मोजा, नेहमी.

स्वतःचा बोर्ड करत असाल तर ५ व्होल्टची ठराविक आवृत्तीच घ्या. तिच्यात हे रेझिस्टर चिपच्या आत असतात, फीडबॅक पाय थेट आउटपुटला जातो. बाहेर गंजायला काही उरत नाही.

आणि यावर एक कुंपण घाला: आउटपुटवर ५.६ व्होल्टचा, ५ वॅटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेलं की करंटला वाट देणारा डायोड) आणि इनपुटला १ अँपिअरचा फ्यूज. २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट २ अँपिअर काढताना इनपुटला साधारण अर्धा अँपिअरच लागतो, त्यामुळे हा फ्यूज विनाकारण उडत नाही. चिप आरपार शॉर्ट झाली तर झेनर बहुधा शॉर्ट होऊन मरतो आणि फ्यूज उडवतो. झेनर गेला तर जाऊ दे, कॅमेरा वाचतो.

चौथी: उपकरण काढून खोटा लोड लावा

दोष बोर्डाचा की उपकरणाचा, हे असंच कळतं. ५ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर आउटपुटला लावला की १ अँपिअर जातो. दोन समांतर लावले की २. हे रेझिस्टर चांगलेच तापतात, लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका. अर्धा तास चालू ठेवा आणि दर पाच मिनिटांनी व्होल्टेज लिहा.

खोट्या लोडवर बोर्ड ठाम राहिला आणि उपकरणावर कोसळतो, तर उपकरण झटक्यात करंट ओढतंय. टू-जी मॉडेम असलेले ट्रॅकर असंच करतात: दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका, त्यात २ अँपिअरपर्यंत. सरासरी करंट मीटरवर अगदी थोडा दिसतो म्हणून आपण फसतो. अशा वेळी उपकरणाच्या अगदी जवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा आणि ५ व्होल्टची वायर आखूड करा. बोर्ड बॅटरीपाशी आणि ट्रॅकर मास्टवर, असं लांब ५ व्होल्ट नेऊ नका. लांबचा प्रवास २४ व्होल्टला करू द्या, बोर्ड उपकरणाशेजारी बसवा.

पाचवी: उष्णता

वीस मिनिटांनी बंद आणि थंड झाल्यावर सुरू, याचा अर्थ चिप स्वतःला वाचवतेय. तिच्या आतल्या सिलिकॉनची कामाची मर्यादा १२५ अंश सेल्सिअस आहे, त्याच्या पुढे ती स्वतः बंद होते.

मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं ते चिपचं, त्या इवल्याशा बोर्डाचं नव्हे. १० वॅट बाहेर जाताना अडीच वॅट बोर्डावरच उष्णता म्हणून राहतात. त्यातले दीड वॅट चिपच्या वाट्याला धरले आणि बोर्डावरचं तांबं कमी असलं, तर चिप भोवतालच्या हवेपेक्षा ६० अंश वर सहज जाते. आता भोवतालची हवा म्हणजे बंद प्लॅस्टिकचा डबा, इंजिन केबिनच्या भिंतीला, एप्रिलची दुपार. आत ६० असतील तर चिप १२० वर बसलेली आहे. बंद डब्यात मी या मॉड्यूलकडून दीड अँपिअरच्या वर मागत नाही.

सोपा इलाज म्हणजे बोर्ड ॲल्युमिनियमच्या डब्यात घालून चिपची उष्णता डब्याला देणं. या चिपची पाठीची पट्टी ग्राउंडलाच असते, त्यामुळे उघड्या हीटसिंकला चिकटली तरी शॉर्ट होत नाही. मात्र बोटीत बॉडीला ग्राउंड नको असेल तर मध्ये अभ्रक किंवा सिलिकॉनचा पॅड ठेवा.

डबा बंद करायला जो सिलिकॉन वापराल त्याचा वास घ्या. विनागरसारखा आंबूस वास आला तर तो लावू नका. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं आणि बंद डब्यात तांब्याचे ट्रॅक खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेला घ्या, थोडा महाग असतो.

सहावी: कॅपॅसिटर

इथून पुढे सोल्डरिंग येत असलं पाहिजे.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर आतून वाळत जातो. दर १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून उष्णतेचा दोष आणि कॅपॅसिटरचा दोष जोडीने येतात. डोकं फुगलेलं नसतानाही तो मेलेला असू शकतो. साधा मल्टिमीटर आउटपुटचा तरंग दाखवत नाही, कारण १५० किलोहर्ट्झ त्याच्या आवाक्याबाहेर असतात. ईएसआर, म्हणजे कॅपॅसिटरचा आतला रोध, मोजणारा मीटर नसेल तर नवा, कमी ईएसआरचा, २२० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर जुन्याला समांतर टेकवा, ध्रुव बघून. शिट्टी थांबली किंवा व्होल्टेज सावरलं तर दोष सापडला. इनपुटचा कॅपॅसिटरही तसाच तपासा. २४ व्होल्टच्या बोटीवर तो ५० व्होल्टचाच हवा, ३५ चा नको.

इथे एक सावधगिरी. ‘जितका कमी ईएसआर तितकं चांगलं’ असं समजून या चिपच्या आउटपुटला सिरॅमिक कॅपॅसिटरांची रांग लावू नका. तिचं अंतर्गत नियंत्रण इलेक्ट्रोलायटिकच्या थोड्याशा ईएसआरवर विसंबून बेतलेलं आहे. तो अगदी नाहीसा झाला तर हे नियंत्रण डोलायला लागतं आणि शिट्टी वाढते. नव्या जमान्याच्या चिपांना सिरॅमिकच लागतात, पण ही जुनी चिप आहे.

सातवी: डायोड

स्विच मिटलेला असताना कॉइलमध्ये करंट चढतो, आणि तो उघडल्यावर कॉइलच्या करंटला वाट देणारा हा डायोड. तो शॉटकीच, म्हणजे झटपट बंद होणाऱ्या जातीचाच, हवा. कुणीतरी दुरुस्ती करताना ‘डायोड तो डायोड’ म्हणून १एन४००७ लावलेला मी अनेकदा काढलाय. तो ५० हर्ट्झच्या कामाचा आहे. दीड लाख वेळा बंद व्हायला सांगितलं की तो वेळेवर बंदच होत नाही, आणि प्रत्येक वेळी चिपला क्षणभर शॉर्ट दिसतो. दोघंही तापतात, आधी चिप मरते. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर शॉटकी ०.१५ ते ०.३ च्या आसपास दाखवतो, साधा डायोड ०.५ ते ०.६. एवढ्यावरून ओळखता येतं. मॉड्यूलवर बहुधा एसएस३४ असतो, ३ अँपिअर ४० व्होल्ट. २४ व्होल्टच्या बोटीवर मी ६० व्होल्टचा एसएस३६ लावतो.

आठवी: बॅटरीकडून येणारे झटके

२४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २८ च्या वर जाते. बोटाच्या नखाएवढे जे छोटे मॉड्यूल मिळतात त्यांवर एमपी१५८४ असते, तिची कामाची मर्यादाच २८ व्होल्ट. शिवाय त्यांच्या इनपुटला फक्त सिरॅमिक कॅपॅसिटर असतो. लांब वायर घेऊन असा मॉड्यूल थेट चालू बॅटरीला टेकवला की वायर आणि कॅपॅसिटर मिळून झोके घेतात, आणि इनपुट क्षणभर बॅटरीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून ‘जोडताक्षणी धूर निघाला’ ही तक्रार याच मॉड्यूलची असते. १२ व्होल्टला ते चांगले आहेत. २४ ला नकोत. १२ लासुद्धा इनपुटला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लावा, तो झोका शोषतो.

एलएम२५९६ ची कामाची मर्यादा ४० व्होल्ट, आणि ४५ च्या पुढे ती मेलीच समजा. इंजिन चालू असताना कुणी बॅटरीचा लग काढला तर अल्टरनेटर याच्या कितीतरी वर जातो. बरेच जण ३३ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (असे झटके गिळणारा) लावून निश्चिंत होतात. पण एसएमबीजे३३ए पूर्ण करंटला ५३ व्होल्टवर धरतो, म्हणजे चिप मेल्यावर. त्यामुळे २४ व्होल्टच्या नव्या डिझाइनमध्ये मी एलएम२५७६एचव्ही घेतो. तिचे पाय तसेच, इनपुट ६० व्होल्टपर्यंत. मात्र ती ५२ किलोहर्ट्झवर चालते, म्हणून कॉइल १०० मायक्रोहेन्रीची आणि आउटपुटचा कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा लागतो. त्या झटक्यापुढे डायोडही ६० व्होल्टचाच हवा. बोर्ड मोठा होतो, होऊ दे.

नववी: कॉइल आणि नकली चिप

वरचं सगळं ठीक असूनही चिप आणि कॉइल दोन्ही तापतात, तेव्हा मला चिपच्या वंशाची शंका येते. एलएम२५९६ छापलेल्या पण ५० किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या चिपा बाजारात भरपूर आहेत. ऑसिलोस्कोप दुसऱ्या पायावर लावा, लोड एक अँपिअर ठेवा, आणि वारंवारता मोजा.

तिथे १५० च्या जागी ५० दिसलं की काय होतं? २४ वरून ५ काढताना ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये अस्सल चिपला करंटचा चढ-उतार ०.८ अँपिअरचा असतो. ५२ किलोहर्ट्झला तोच २.३ होतो. २ अँपिअर लोडवर शिखर २.४ च्या जागी ३.१ ला जातं. छोटी कॉइल तिथे भरते, म्हणजे तिचा गाभा आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, ती कॉइल राहतच नाही, नुसती तार होते. मग करंट सुसाट चढतो. स्कोपवर करंटची सरळ चढण शेवटी वर वाकलेली दिसते. अशा बोर्डाला वाचवण्यात वेळ घालवू नका. खात्रीच्या विक्रेत्याकडून चिप मागवा आणि तिच्या डेटाशीटप्रमाणे कॉइल निवडा.

स्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टाका आणि छोटी स्प्रिंग लावा. लांब वायर स्वतःच अँटेना होते आणि नसलेले काटे दाखवते.

स्वतःचा बोर्ड काढत असाल तर इनपुट कॅपॅसिटर, चिप आणि डायोड एकमेकांना खेटून ठेवा आणि त्यांच्यातले ट्रॅक रुंद, आखूड ठेवा. या तिघांच्या वळशातून करंट दर वेळी झटक्यात चालू-बंद होतो, वळसा मोठा असेल तर व्हीएचएफ रेडिओवर खरखर येते. फीडबॅकचा ट्रॅक कॉइलखालून नेऊ नका.

कधी थांबायचं

व्हीएचएफ, संकटसंदेश पाठवणारा डॅट, बोटीची जागा इतरांना कळवणारं एआयएस यांच्या वीजपुरवठ्याला हात लावू नका. वादळात खलाशांचा जीव त्यावर असतो. ते काम त्या उपकरणाच्या अधिकृत तंत्रज्ञाचं.

बोर्ड २३० व्होल्टवरून चालणारा असेल तर वरचं काहीच लागू नाही. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात.

लिथियम बॅटरी फुगलेली असेल, इंजिनच्या कंट्रोल युनिटचा पुरवठा बिघडला असेल, किंवा मूळ कारण न सापडता सलग दोन चिपा जळल्या असतील, तर थांबा. तिसरी चिप घालू नका. स्कोप असलेल्या माणसाकडे जा.

जाताना मेलेला बोर्ड फेकू नका, धुऊही नका, तसाच पिशवीत घालून न्या. सोबत चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: बॅटरी किती व्होल्टची, इंजिन चालू असताना बोर्डाच्या पायांवर किती दिसले, पुढे काय काय जोडलं होतं, आणि बिघडलं तेव्हा पाऊस होता का. जळलेला फ्यूजही सोबत ठेवा. काचेवर काळा धूर असेल तर एकदम मोठा शॉर्ट झाला, तार नुसती मध्ये वितळलेली असेल तर जास्त करंट हळूहळू जात राहिला. दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा तास त्या काचेच्या नळीतच वाचतो.